पाळत स्वस्त झाली तेव्हा

उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात खरकसिंग नावाच्या माणसाच्या दाराची कडी रात्री-अपरात्री वाजायची. बाहेर गावचा चौकीदार असे, कधी पोलीस शिपाई. हाका मारून झोपेतून उठवायचं, माणूस घरात आहे ना ते बघायचं आणि निघून जायचं. कधी तसंच उठवून ठाण्यावर हजेरीला न्यायचं. परगावी जायचं तर चौकीदाराला सांगून जायचं, म्हणजे तिथल्या ठाण्याला वर्दी मिळे. १९४१ साली दरोड्याच्या एका गुन्ह्यात खरकसिंग यांना पकडलं होतं आणि पुरावा नाही म्हणून सोडूनही दिलं होतं. पण त्यांच्या नावाची हिस्ट्रीशीट उघडली गेली, ती उघडीच राहिली.

पोलीस नियमावलीतल्या ज्या २३६ व्या नियमाखाली हे चाले, तो मुळातून वाचण्यासारखा आहे. घरावर आणि घराकडे येणाऱ्या वाटांवर छुपा पहारा. रात्री घरी जाऊन खात्री. सवयी, संगत, मिळकत, खर्च आणि धंदा यांची फौजदाराने अधूनमधून चौकशी. गावाबाहेर गेल्या-आल्याची खबर, ती चिठ्ठ्या पाठवून पडताळणं आणि शेवटी हे सगळं हिस्ट्रीशीटमध्ये उतरवून ठेवणं. एका माणसासाठी एवढा खटाटोप! गावातल्या प्रत्येकासाठी तो करणं कुठल्याच सरकारला परवडलं नसतं.

खरकसिंग सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९६२ मध्ये सहा न्यायाधीशांच्या पीठाने रात्री घरी जाण्याचं कलम तेवढं रद्द केलं आणि बाकीचा नियम शाबूत ठेवला. खासगीपणाचा हक्क आपल्या राज्यघटनेत दिलेलाच नाही, असं बहुमताचं म्हणणं पडलं. शिवाय छुप्या पहाऱ्याचा पत्ताच नसेल, तर त्या माणसाच्या फिरण्यावर बंधन आलं कुठे? न्यायमूर्ती सुब्बाराव यांना हे पटलं नाही. न्यायमूर्ती शहा यांच्यासह त्यांनी वेगळा निकाल लिहिला. ज्याच्यावर सतत डोळा आहे त्याला सगळा देशच तुरुंग होतो, पायात बेडी नसली म्हणून तो मोकळा म्हणता येत नाही, आणि म्हणून अख्खा नियमच घटनाबाह्य आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

बहुमताच्या या तर्काचा परिणाम पुढे फार लांबवर गेला, असं मला वाटतं. कडी वाजली, झोप मोडली, म्हणून न्यायालयाला इजा दिसली. जिथे आवाज नाही तिथे इजाही नाही, हे गृहीत धरलं गेलं. पाळतीचा आवाज पुढे कमी कमी होत जाणार होता, आणि कायदा मात्र कितीतरी वर्षं दारावरच्या थापेकडेच कान लावून बसला.

पाळतीची ही पद्धत खरकसिंग यांच्यासाठी शोधलेली नव्हती. १८७१ साली इंग्रजांनी ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा केला. त्याआधी संशय माणसावर घेतला जाई, आता जन्मावर घेतला जाऊ लागला. १९११च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींच्या नोंदी झाल्या, बोटांचे ठसे घेतले गेले, हजेऱ्या सुरू झाल्या. या जमातींसाठीची सोलापूरची सेटलमेंट, म्हणजे वसाहत, तारेच्या कुंपणातली. पुरुष गिरणीत कामाला जात, ठरल्या वेळी परत येत, हजेरी देत. हा कायदा १९५२ साली गेला आणि या जमाती विमुक्त झाल्या. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. जमातीचं नाव गेलं तरी ठाण्यातली वही राहिली. पारधी वस्तीवर रात्री येणारी पोलीस गाडी कुठल्या कायद्याने येते, हे वस्तीला कुणी कधी सांगितलेलं नाही.

आपल्याकडच्या सुशिक्षितांना खासगीपणाची आठवण २०१७च्या आसपास झाली. त्याआधी शंभर वर्षं पाळत होतीच, फक्त ती आपल्या घरापर्यंत आली नव्हती. आजही हाउसिंग सोसायटीच्या गेटवर घरकामाला येणाऱ्या बाईची पिशवी उघडून बघतात आणि मागून येणाऱ्या रहिवाशाला सलाम ठोकतात, तेव्हा त्या रहिवाशाला खासगीपणाचा प्रश्न पडलेला मी पाहिला नाही.

राजकारणावरची नजर वेगळी. टिळकांच्या सभेला पोलिसांचे लघुलेखक बसत. १९१६ साली बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून त्यांच्यावर खटला झाला तो त्याच टिपणांवर, आणि मुंबई उच्च न्यायालयात ते सुटले. गंमत अशी, की पुढे राज्य सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधनं म्हणून जे खंड छापले, त्यांत या पोलिसी गुप्त अहवालांचा मोठा भरणा आहे. ज्यांच्यावर पाळत होती त्यांच्या वारसांनी पाळतीचे कागद अभिमानाने छापले. पाळतीची यंत्रणा मात्र मोडली नाही. १८८५च्या तार कायद्याचं पाचवं कलम ‘सार्वजनिक आणीबाणी’ आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’ या दोन शब्दप्रयोगांवर संदेश अडवण्याचा अधिकार देत होतं. स्वतंत्र भारताने ते चालू ठेवलं.

घटना लिहिताना हा विषय सुटला होता असं नाही. आंबेडकरांनी १९४७च्या आपल्या निवेदनात अवाजवी झडतीपासून संरक्षणाचा हक्क स्पष्ट लिहिला होता. पत्रव्यवहाराची गुप्तता हक्कांमध्ये घालावी, असं घटना समितीतल्या कन्हैयालाल मुनशींच्या मसुद्यातही होतं. उपसमितीत त्यावर खल झाला, तपासात अडथळा येईल अशी हरकत निघाली आणि ते कलम गळालं. डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी झडतीविषयी दुरुस्ती मांडली, आंबेडकरांनी ती मान्यही केली, तरी शेवटी ती पडली. १९५४ साली आणि पुन्हा १९६२ साली न्यायालयाने हा हक्क घटनेत नसल्याचा निर्वाळा दिला, तो असा रिकाम्या जागेकडे बोट दाखवून.

मग फोन आला. मुंबईच्या कॉरोनरने एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचं प्रकरण होतं. लाचलुचपत खात्याने डॉक्टरच्या संमतीने त्याच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला आणि बोलणं पकडलं. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही टेप पुरावा म्हणून चालेल असं ठरवलं. त्यात काही गैर नाही, बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती होती. पण निकालात एक विचार आला, की निरपराध नागरिकाच्या फोनला न्यायालय संरक्षण देईल, अपराध्याला देणार नाही. वाचायला हे न्याय्य वाटतं. पण ऐकल्याशिवाय अपराधी कोण हे ठरवायचं कसं? आधी ऐकायचं, मग ज्याचं ऐकलं त्याला ऐकण्यापासून संरक्षण होतं की नाही ते सांगायचं! आपल्याकडे चहाच्या टपरीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत जे ‘कर नाही त्याला डर कशाला’ ऐकू येतं, त्याचंच हे कायदेशीर रूप. ही म्हण चोराला पकडण्यापुरती ठीक आहे. डर ज्याला वाटतो तो नेहमी काही केलेला असतो, हे मात्र खोटं. बातमी देणारा कारकून, वकिलाशी बोलणारी बायको, पक्ष बदलायच्या विचारात असलेला आमदार, डॉक्टरला एचआयव्हीची तपासणी विचारणारा मुलगा यांनी काहीच केलेलं नसतं.

पुढाऱ्यांना मात्र पाळतीची झळ लागली की लगेच कळते. १९८६ साली टपाल उघडण्याचे अधिकार वाढवणारं विधेयक संसदेने मंजूर केलं, आणि राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही. १९८८ साली फोन टॅपिंगच्या वादात रामकृष्ण हेगडे यांना कर्नाटकचं मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. १९९१ साली राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई सापडले आणि चंद्रशेखर यांचं सरकार गेलं. दोन शिपाई! पाळतीला माणसं लागत होती आणि माणसं सापडत होती, तोवर सरकारं पडू शकत होती.

पुढाऱ्यांच्या फोन टॅपिंगवरूनच पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना न्यायालयात गेली आणि डिसेंबर १९९६ मध्ये न्यायमूर्ती कुलदीपसिंग यांनी पहिल्यांदा स्पष्ट म्हटलं, की फोनवरचं बोलणं हा खासगी आयुष्याचा भाग आहे. आदेश गृहसचिवाचाच हवा, तो दोन महिन्यांपुरता, वाढवला तरी सहा महिन्यांच्या पुढे नाही, आणि वर सचिवांची एक आढावा समिती. आदेशाआधी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी, ही संघटनेची मागणी मात्र मान्य झाली नाही. कायद्यात तशी तरतूद नाही, म्हणून. तेव्हापासून आजपर्यंत पाळत मागणारे, तिला मंजुरी देणारे आणि ती योग्य होती का हे तपासणारे, सगळे सरकारचेच अधिकारी.

ही व्यवस्था चालते कशी? २०१३ साली माहितीच्या अधिकारात गृहखात्याने सांगितलं, की फोन ऐकण्याचे महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० आदेश केंद्र सरकार काढतं. म्हणजे दिवसाला तीनशेपर्यंत. गृहसचिवाने रविवारची सुट्टी न घेता रोज दहा तास दुसरं काहीही केलं नाही, तर एका आदेशाला दोन मिनिटं येतात. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ साली लिहिलं, की दोन महिन्यांनी एकदा बसणाऱ्या आढावा समितीपुढे एकेका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश येतात. हे काम अशक्य आहे, असंच समितीचंही म्हणणं होतं. इथे कुणाच्या वाईट हेतूचा प्रश्नही येत नाही. कागदावर सही आहे, मुदत आहे, समिती आहे. वाचायला माणूस नाही, एवढंच.

१९६२ आणि २०१३ यांच्यात बदललं ते हे. खरकसिंग यांच्यावर नजर ठेवायला निदान आठ-दहा जण राबत असतील, म्हणून आधी संशय लागे आणि मगच पाळत. आपलं खरं संरक्षण घटनेने केलं नव्हतं, ते सरकारच्या गरिबीने केलं होतं. आज त्या २३६ व्या नियमातली जवळजवळ प्रत्येक बाब, म्हणजे कोण भेटतं, किती खर्च होतो, कुठे गेला, कधी आला, खिशातला फोन आपण होऊन नोंदवतो, तेही ज्याच्यावर कसलाच संशय नाही त्याचं. नोंद आधी तयार असते. संशय सवडीने घेता येतो.

आधारची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात झाली, आणि ही जागा नीट विचार करण्यासारखी आहे. तिथल्या आदिवासीची तक्रार सरकार फार बघतं अशी नव्हतीच. सरकार बघतच नाही, रेशनच्या यादीत नाव नाही, ओळखीचा कागद नाही, ही होती. खासगीपणाच्या बाजूने बोलणारे टेंभलीचा माणूस विसरले, की त्यांचं बोलणं शहरी लाड वाटू लागतं. पण कुणाला धान्य द्यायचं हे कळण्यासाठी जेवढी ओळख लागते तेवढीच घ्यावी, आणि धान्यासाठी घेतलेली ओळख धान्यापुरतीच ठेवावी, एवढी मर्यादा पाळली तर दोघांचं भांडण उरत नाही. आधार ती मर्यादा पाळतं का, याच वादात केंद्राच्या महान्यायवादींनी २०१५ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही. हाताशी १९५४ आणि १९६२ चे निकाल होते.

त्यातून नऊ न्यायाधीशांचं पीठ बसलं आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने हक्क मिळाला. सुब्बारावांचं म्हणणं पंचावन्न वर्षांनी खरं ठरलं. त्याच निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला १९७६चा बंदी-प्रत्यक्षीकरणाचा निकाल चुकीचा ठरवला. त्या निकालाच्या बहुमतात त्यांचे वडील, पुण्यात शिकलेले न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. मराठी वृत्तपत्रांनी तेव्हा वडील-मुलाची ही गोष्ट रंगवून छापली. हक्क मिळाल्याने प्रत्यक्षात काय बदलेल, याला मात्र जागा कमी मिळाली.

बदललं थोडं. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणात फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. पैशाचा गुन्हा म्हणजे सार्वजनिक आणीबाणी नव्हे, असा सरळ हिशेब. १९७२च्या निकालातलं ‘अपराध्याला संरक्षण नाही’ इथे उलटलं. माणूस अपराधी असो वा नसो, सरकारने कायदा पाळायचा. उलट पेगॅसस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चौकशीत न्यायालयाने नेमलेल्या समितीला २९ पैकी पाच फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच होतं असं म्हणता आलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही, असं २०२२ साली सरन्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगितलं. महाराष्ट्रातही लोकप्रतिनिधींचे फोन भलत्याच नावांनी ऐकल्याचा आरोप झाला, गुन्हे दाखल झाले, सरकार बदललं, २०२३ मध्ये गुन्हे रद्द झाले.

झैलसिंगांनी अडवलेला टपाल उघडण्याचा अधिकार डिसेंबर २०२३ मध्ये नव्या टपाल कायद्यात आला. त्याच अधिवेशनात, विरोधी बाकांवरचे शंभराहून जास्त खासदार निलंबित असताना, दूरसंचार कायदा मंजूर झाला. त्यात १८८५चे ते दोन शब्दप्रयोग तसेच आहेत. त्याच वर्षीच्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याने सरकारला आपल्या हव्या त्या यंत्रणेला कायद्यातून वगळण्याची मुभा दिली.

मुंबईच्या २०१९च्या खटल्यातला माणूस जिंकला, कारण त्याचं बोलणं आरोपपत्रात आलं. ज्यांचं बोलणं ऐकलं गेलं आणि ज्यात काहीच सापडलं नाही, त्यांना न्यायालयात जायला कारणच मिळत नाही, कारण त्यांना कळतच नाही. जर्मनीत तपास संपल्यावर त्या माणसाला कळवावं लागतं, की तुमचा फोन ऐकला होता, आणि तो त्यावर दाद मागू शकतो. आपल्याकडे कामाच्या नसलेल्या नोंदी सहा महिन्यांनी नष्ट करतात, त्यामुळे विचारायला गेलं तरी दाखवायला काही उरत नाही. असं कळवण्याची तरतूद १८८५च्या कायद्यात नव्हती. २०२३चा कायदा लिहिताना ती घालायची संधी होती, आणि ती घातली गेली नाही.