संसारातली कमाई आणि तिची वाटणी

फिक्हच्या, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राच्या, जुन्या ग्रंथांत नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता अशी कल्पना नाही. निकाहानंतरही ज्याचे धन त्याचेच राहते. बायकोला मेहर मिळतो, संसार चालेपर्यंत खर्च मिळतो, नवऱ्याच्या कमाईत हिस्सा मात्र मिळत नाही. पण इंडोनेशियात तलाकानंतर मुस्लिम जोडप्याची संसारातली मिळकत निम्मी-निम्मी होते, आणि तो निवाडा धार्मिक न्यायालयच देते. हा नियम गावच्या रूढीतून वर आला आहे.

जावात या मिळकतीला ‘गोनो-गिनी’ म्हणतात. शेतात नि बाजारात बायका राबतात, हे गावाला दिसत होते. तरी जुनी वाटणी समान नव्हती. पुरुष कावडीने दोन ओझी वाहतो, बाई पाठीवर एकच गाठोडे नेते, म्हणून त्याला दोन वाटे आणि तिला एक. (पाणी, चूल आणि पोरे या हिशेबात कुठेच नव्हती.) उलेमांनी रूढीला शिरकतचा, म्हणजे भागीदारीचा आधार दिला. दक्षिण कालिमंतानमधल्या बंजार समाजात याचे श्रेय 18व्या शतकातले विद्वान मुहम्मद अर्शद अल-बंजारी यांना दिले जाते.

1974 च्या विवाह कायद्याने लग्नानंतरची कमाई सामाईक ठरवली. माहेरचे, वारशाचे, भेटीचे वेगळे ठेवले. घटस्फोटात वाटणी कशी करायची, हे मात्र ज्याच्या-त्याच्या धर्मावर वा रूढीवर सोडले. मुस्लिमांपुरती ती फट 1991 च्या इस्लामी कायदा संहितेने बुजवली. तिच्या 97व्या कलमाने, वेगळा करार नसेल तर, दोघांना निम्मा-निम्मा हिस्सा दिला.

पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊंमध्ये खरा गुंता होतो. तिथे कुळाची जमीन आईकडून लेकीकडे जाते आणि ती वाटली जात नाही. नवऱ्याने आपल्या कमाईतून त्या जमिनीवर घर बांधले, तर घर दोघांचे आणि जमीन बायकोच्या कुळाची. संसार मोडला की वाद भिंती-छपराच्या किमतीवर येतो.

समान वाटाही नेहमी न्याय्य ठरत नाही. नवरा कमवत नव्हता आणि घर बायकोने चालवले, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये बायकोला तीन चतुर्थांश हिस्सा दिला. ते योग्यच झाले. पण कसोटी केवळ पगाराची ठेवली, तर घरात राबणाऱ्या बाईचा निम्मा हिस्साही धोक्यात येईल. कावडीचाच हिशेब नव्या वेषात परतेल.

संहितेतली एक तरतूद अशा बाईच्या थेट उपयोगाची आहे: मालमत्ता कोणाच्या नावावर नोंदली आहे, याने तिचे सामाईकपण बदलत नाही. जमिनीच्या कागदावर एकट्या नवऱ्याचे नाव असले, तरी ती संसारातल्या कमाईतून घेतली असेल, तर बायकोला तिच्यात हिस्सा मागता येतो.