स्ट्रेचरवरचे तास

माझी आत्या वयाच्या ८१व्या वर्षी न्हाणीत पाय घसरून पडली. रात्री १० वाजून ४० मिनिटांनी आम्ही तिला एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आणलं. केस पेपर निघाला, वेदनेचं इंजेक्शन दिलं, एक्स-रे झाला, खुब्याचं हाड मोडल्याचं कळलं आणि दाखल करायचं ठरलं. हे सगळं दीड तासात झालं. त्या रात्री ड्युटीवर असलेल्या पोरसवदा डॉक्टरांविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. वॉर्डात खाट मिळाली ती मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वातीनला.

मधले पंधरा तास आत्या भिंतीलगतच्या स्ट्रेचरवर होती. सकाळी ऑपरेशन होईल म्हणून तिला उपाशी ठेवलं, मग ऑपरेशन नाही असं ठरलं, पण खायला द्या हे सांगायचं राहून गेलं. चष्मा माझ्या पिशवीत होता, कानातलं यंत्र घाईत घरीच राहिलं होतं. बेडपॅन घेताना असह्य कळ येते म्हणून तिने पाणी मागणंच सोडून दिलं. ट्यूबलाइट रात्रभर डोळ्यांवर. पहाटे तिने मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली. वडील जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. सकाळी मावशींनी तिला कुशीवर वळवलं तेव्हा माकडहाडापाशी लाल चट्टा उठलेला दिसला. चौकशी केली की एकच उत्तर मिळे, ‘वर कळवलंय, बेड खाली झाला की सांगतो.’ सांगणाराही थकलेला असायचा.

ऑपरेशन चौथ्या दिवशी झालं. भ्रम उतरायला तीन आठवडे लागले, जखम भरायला तीन महिने. पुन्हा ती आधाराशिवाय कधी चालली नाही. पडल्यामुळे हे झालं, असं आम्ही भेटायला येणाऱ्यांना सांगत राहिलो. पडण्यामुळे फक्त हाड मोडलं होतं, हे समजायला मला पुष्कळ वाचावं लागलं.

आपण थांबण्याला रिकामा वेळ समजतो. तिशीतला माणूस मोडलेला हात घेऊन बाकावर आठ तास बसला तर वैतागेल, पण त्याचं दुखणं मोठंसं बदलत नाही. म्हाताऱ्या शरीरात तेवढी शिल्लक नसते. अरुंद, टणक स्ट्रेचरवर एकाच बाजूने पडून राहिलं तर दाबाखालच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो आणि जखमेची सुरुवात काही तासांतच होते. पाणी कमी पडलं की मूत्रपिंडांवर ताण येतो. झोपमोड, वेदना, कोंडलेली लघवी, अनोळखी गोंगाट आणि चष्म्याविना धूसर दिसणारं जग यांतून डेलिरियम, म्हणजे तो भ्रम, उद्भवतो. घरचे म्हणतात, ‘वयोमानाने बडबडतायत.’ पण काल संध्याकाळपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती आज माणसं ओळखत नसेल, तर तो मेंदूवर झालेला आघात आहे आणि त्याची नोंद व्हायला हवी. रोजचं औषध चुकतं ते वेगळंच. पार्किन्सनच्या रुग्णाच्या गोळ्यांची वेळ टळली की तो लाकडासारखा ताठरतो. कॅज्युअल्टीत त्या गोळ्या कोणी द्यायच्या, हे ठरलेलंच नसतं.

फ्रान्समधल्या डॉक्टरांनी हे मोजून पाहिलं. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी ९७ रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतल्या ७५ वर्षांवरच्या १,५९८ रुग्णांचा मागोवा घेतला. ज्यांची रात्र आपत्कालीन विभागातच स्ट्रेचरवर गेली, त्यांच्यापैकी १५.७ टक्के रुग्णालयातच दगावले. ज्यांना मध्यरात्रीपूर्वी वॉर्डात खाट मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण ११.१ टक्के होतं. आजारांतले फरक हिशेबात धरूनही तफावत उरलीच. जे आधीपासून रोजच्या कामांसाठी दुसऱ्यावर अवलंबून होते, त्यांना ही रात्र सर्वांत महाग पडली.

वृद्ध माणूस मुळात मागे का पडतो? कॅज्युअल्टीत रांग आल्या क्रमाने लागत नाही, गांभीर्याने लागते, आणि ते योग्यच आहे. पण गांभीर्य ओळखण्याच्या खुणा तरुण शरीरावर बेतलेल्या आहेत. ज्यांचा वरचा रक्तदाब एरवी १६० असतो त्यांचा ११० भरला, तर कागदावर तो उत्तम दिसतो. प्रत्यक्षात ती कोसळण्याची सुरुवात असू शकते. बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर रक्तस्रावातही नाडी वाढत नाही. रक्तात जंतुसंसर्ग पसरलेला असूनही ताप नसतो. हृदयविकाराचा झटका आलेल्या आजींच्या छातीत दुखत नाही, ‘गळून गेल्यासारखं वाटतंय’ एवढंच त्या सांगतात. शिवाय या पिढीला भीड फार. शेजारच्या स्ट्रेचरकडे बोट दाखवून ‘आधी त्या पोराला बघा’ म्हणणारे आजोबा मी पाहिलेत. त्यांचं ऐकलं जातं, कारण कोणाचं तरी थांबणं त्या गर्दीत सोयीचंच असतं.

नातेवाइकांचा राग कॅज्युअल्टीच्या डॉक्टरवर निघतो. राग काढायला तो माणूस चुकीचा आहे. तुंबारा वरच्या मजल्यांवर असतो. वॉर्डातली खाट रिकामी होत नाही म्हणून खालचं स्ट्रेचर हलत नाही. दुपारपर्यंत डिस्चार्जचे कागद होत नाहीत, रविवारी तर राउंडच त्रोटक. घरी न्यायला माणूस नाही, चौथा मजला आणि लिफ्ट नाही, म्हणून बरी झालेली आजी आठवडाभर अडकते. तिला पंधरा दिवस ठेवून चालतं करणारी छोटी, परवडणारी जागा आपल्याकडे जवळजवळ नाही. त्यात तालुक्यातून, जिल्ह्यातून ‘पुढे न्या’ असा शेरा घेऊन रुग्णवाहिका येतच राहतात.

हे फक्त गरीब देशाचं दुखणं आहे, असं म्हणून सुटता येत नाही. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णाचा निकाल चार तासांत लागावा, असा दंडक आहे. २००४च्या सुमारास तो ९८ टक्के रुग्णांसाठी होता, २०१० मध्ये ९५ टक्क्यांवर आणला. जुलै २०१५ नंतर तो देशपातळीवर एकदाही पाळला गेलेला नाही. डिसेंबर २०२२ या एका महिन्यात, दाखल करायचं ठरल्यानंतरही बारा तासांहून अधिक थांबलेल्यांची संख्या ५४ हजारांवर गेली. तिथेही कारण तेच: वृद्धांना घरी किंवा शुश्रूषागृहात पाठवण्याची व्यवस्था कोलमडली, आणि वॉर्ड भरलेले राहिले.

मग त्यांच्याकडून घ्यायचं काय? वेळ लिहून ठेवण्याची शिस्त. ती होती म्हणूनच तिथल्या संशोधकांनी २०१६ ते २०१८ या काळातल्या पन्नास लाखांहून अधिक दाखल रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०२२ मध्ये दाखवून दिलं की सहा ते आठ तास खोळंबलेल्या दर ८२ रुग्णांमागे तीस दिवसांत एक जास्तीचा मृत्यू होतो. आकड्यांचा खेळही तिथे झाला. चार तास भरायच्या अखेरच्या मिनिटांत रुग्णांना घाईघाईने पुढे ढकलल्याचं नोंदींतच उघड झालं. पण ती लबाडी दिसली तीही वेळ लिहिलेली होती म्हणून. आपल्याकडे खाटांची संख्या जाहीर होते, ओपीडीचा आकडा जाहीर होतो. कॅज्युअल्टीत आल्यापासून खाट मिळेपर्यंत किती तास गेले, हा आकडा सार्वजनिक रुग्णालये दरमहा प्रसिद्ध करत नाहीत.

कायदा मात्र आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ याच्या विसाव्या कलमात सरकारी रुग्णालयांनी ज्येष्ठांना शक्य तितक्या खाटा द्याव्यात आणि त्यांची रांग वेगळी असावी, असं म्हटलं आहे. वेगळी रांग केस पेपरच्या खिडकीवर कामी येते. रात्री दोन वाजता स्ट्रेचरवर पडलेल्याला तिचा काय उपयोग? ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान भारतचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं. त्याचं मी मनापासून स्वागत करतो. पण कार्ड बिल भरतं, खाट निर्माण करत नाही. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटींहून अधिक होती आणि महाराष्ट्रातलं त्यांचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त होतं. तेव्हा साठीत असलेले आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत.

नवी इमारत बांधायला दहा वर्षं लागतील. काही गोष्टींना दहा दिवस पुरेत. पंच्याहत्तरीपुढच्या रुग्णाला सहा तासांत खाट मिळाली नाही, तर त्याचा निरोप थेट अधीक्षकांना जावा. तोवर जाड गादी, दर दोन तासांनी कूस, मनाई नसेल तर पाणी आणि जेवण, रोजच्या गोळ्या, आणि शेजारी घरचं एक माणूस. ते माणूस बाहेर काढू नका. अनोळखी गोंधळात आजीला भानावर ठेवणारा चेहरा तोच असतो. आणि वाचकहो, तुमच्यावर ही वेळ आली तर चष्मा, कानाचं यंत्र, कवळी आणि गोळ्यांची यादी घेतल्याशिवाय घर सोडू नका. ‘काल संध्याकाळपर्यंत यांचं बोलणं स्वच्छ होतं’ हे डॉक्टरांना न संकोचता सांगा.

आत्याचे कागद मी जपून ठेवले आहेत. केस पेपरवर रात्रीचे १०.४० आहेत, वॉर्डाच्या कागदावर दुपारचे ३.१५. दोन्ही एकाच इमारतीत लिहिले गेले. त्यांची वजाबाकी तिथे कोणीही केली नाही.