न दिलेलं घेणं

वडील गेले, दिवस पार पडले, पाहुणे परतले, की घरात एक प्रश्न दबक्या आवाजात फिरू लागतो. "बाबांनी काही लिहून ठेवलंय का गं?" उत्तर बहुतेक घरांत एकच, "कोण जाणे! असेल, नसेल."

मला या "असेल, नसेल"बद्दलच बोलायचं आहे. स्याद्वाद मानणारी माणसं आपण. असंही असेल, तसंही असेल, हे आपल्या कानांना सवयीचं. पण स्याद्वाद वस्तू अनेक बाजूंनी पाहायला सांगतो, पाहूच नका असं सांगत नाही.

डिचोलीत तर ही शंका फार दिवस टिकायलाच नको. बेळगाव-कोल्हापूरकडे साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी मृत्युपत्र होतं, नोंदणीची सक्ती नाही. तो कागद कपाटात सापडेल, जमाखर्चाच्या वहीत सापडेल, नाहीतर सापडायच्या आधीच चुलीत जाईल. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून रीत वेगळी. २०१६ साली लागू झालेल्या २०१२च्या वारसा कायद्यानेही तीच चालू ठेवली. इथे मृत्युपत्र नोटरीसमोर व्हावं लागतं. नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणारे वकील नव्हेत, तर सब-रजिस्ट्रार कचेरीतले अधिकारी. उघडं मृत्युपत्र त्यांच्या पुस्तकात उतरतं, बंद असलं तरी त्यांच्या मान्यतेशिवाय चालत नाही. डिचोलीत नसेल तर म्हापशाला, पणजीला चौकशी करावी. म्हणजे इथलं "कोण जाणे" पुष्कळदा "आम्ही विचारलंच नाही" एवढंच असतं. आणि न विचारण्यात कोणाचा तरी फायदा असतो.

थोडा हिशेब मांडते, बायकांना तो कोणी सांगत नाही म्हणून. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. सोळा आण्यांतले आठ आईचेच. वडिलांच्या आठांपैकी चार मुलांना द्यावेच लागतात, मुलगा-मुलगी भेद नाही. म्हणजे कितीही पक्कं मृत्युपत्र निघालं, तरी वडिलांना मनासारखे वाटता येतात ते चारच आणे! आणि निपाणीची शेती गोव्याबाहेरची म्हणून हिशेबातून सुटत नाही. मूळचा गोवेकर असेल तर भारतात कुठेही असलेल्या मालमत्तेला गोव्याचाच वारसा कायदा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितलं आहे.

तरी होतं काय? भाऊ म्हणतो, "दुकान धाकट्याला द्यायचं बाबांच्या मनात होतं." वहिनी चहा आणते. बहिणीपुढे हक्कसोडीचा कागद येतो. "ताई, तुला काय कमी आहे? आपण तर अपरिग्रह मानतो." हे ऐकलं की मला राग येतो, खरंच सांगते. अपरिग्रहाची आठवण नेमकी लेकीलाच का करून द्यायची? पाच व्रतांत अचौर्यही आहे, आणि त्याचा अर्थ न दिलेलं न घेणं. मेलेल्या माणसाने दिलं की नाही हे न शोधताच घेतलं, तर ते दिलेलं कसं म्हणायचं?

सोडायचंच असेल तर आधी आपलं किती, हे कळलं पाहिजे. राणी शांतलेने ११२३ साली श्रवणबेळगोळला बसदी उभारली, त्या दानाची नोंद शिलालेखात आहे. आपल्या परंपरेत दान असं चारचौघांत, नावानिशी झालेलं दिसतं. घाईघाईत घेतलेल्या सहीला मी दान म्हणणार नाही.

अवघड गाठ पुढेच आहे. शोध घेतला, कागद नाही, पण "दुकान धाकट्याचं" हे वडिलांच्या तोंडून सगळ्यांनी ऐकलेलं. कायदा ते मोजत नाही. आपण? मला वाटतं, ज्याला तो शब्द पाळावासा वाटेल त्याने स्वतःच्या वाट्यातून पाळावा. दुसऱ्याच्या वाट्यातून वडिलांची इच्छा पुरी करणं फार सोपं असतं. थोरल्याने आपला हिस्सा धाकट्याला दिला, तर बहीणही विचार करील, कदाचित देईलही. पण हे सगळं आईच्या आठ आण्यांना हात न लावता. अर्धं घर तिचं आहे, वडिलांचं शेवटचं बोलणं बहुधा तिच्याशीच झालेलं असतं. आणि इतक्या चर्चेत तिला कोणी काही विचारलेलंच नसतं.