बेचाळीस दिवसांची साक्ष

सिहोऱ्याच्या शिवारात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि जुलै लागला की त्याच बांध्या रोवणीच्या पाण्याने भरतात. तुमसर तालुक्यातल्या या धानपट्ट्यात सौर पंपाचे पॅनेल धुऱ्यावर उभे राहते ते 25 वर्षांच्या हमीवर. त्या हमीमागे प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्या असतात आणि त्यांतली एक दमट उष्णतेची. बंद कपाटात 85 अंश तापमान आणि 85 टक्के सापेक्ष आर्द्रता ठेवायची, पॅनेल 1000 तास आत राहू द्यायचे आणि बाहेर काढल्यावर त्याची वीज 5 टक्क्यांपेक्षा जास्त घटली नाही ना, ते मोजायचे. 1000 तास म्हणजे पुरते 42 दिवसही नाहीत. या 42 दिवसांनी 25 वर्षांच्या बाजूने साक्ष द्यावी, हा अधिकार त्यांना कुठून मिळाला? प्रश्न अभियांत्रिकीचा दिसतो, पण पाहिलेल्यावरून न पाहिलेले किती सांगता येते याचा वाद आपल्याकडे दीड-दोन हजार वर्षे चालला आहे, आणि मला वाटते त्या वादाशिवाय या चाचणीचा खरा अर्थ लागत नाही.

अनुमानाला प्रमाण न मानणाऱ्या चार्वाकांचा आक्षेप सर्वांना ठाऊक आहे. धूर आणि अग्नी शंभर वेळा एकत्र दिसले, म्हणून एकशे एकाव्या वेळी दिसतीलच कशावरून? चाचणी घेणारा यावर म्हणेल की आम्ही नुसत्या सवयीवर विसंबत नाही, आम्हाला कारण ठाऊक आहे. त्याचे म्हणणे पोकळ नाही. उष्णतेने रासायनिक क्रियेचा वेग कसा वाढतो याचे गणित स्वांते अऱ्हेनियसने 1889 मध्ये मांडले, आणि आर्द्रतेचा हिशेब त्यात धरणारे सूत्र स्ट्युअर्ट पेकने 1986 मध्ये दिले. पॅनेलच्या आत काय घडते तेही माहीत आहे. मागच्या बॅकशीटमधून पाण्याची वाफ हळूहळू आत झिरपते, काचेखालचा ईव्हीए हा थर तिच्यामुळे ॲसेटिक आम्ल सोडू लागतो, आणि ते आम्ल सेलवरच्या चांदीच्या केसाएवढ्या रेघांचे जोड खात जाते. हे वर्षानुवर्षे सावकाश होते, कपाटात ते भराभर होते. कारण एकच, फक्त गती वेगळी, असे हे अनुमान आहे.

पण नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, इथेच एक इशारा देऊन ठेवला आहे, आणि योगायोगाने त्याचे उदाहरणही उष्णता व ओलाव्याचेच आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरे. उलट, जिथे अग्नी तिथे धूर, हे खरे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. नियम सरसकट वाटत होता, प्रत्यक्षात तो एका न सांगितलेल्या अटीवर उभा होता. अशा लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात, आणि त्यांच्या मते अनुमान तपासणे म्हणजे मुख्यतः उपाधी शोधणे. सौर पॅनेलच्या इतिहासात अशी उपाधी सापडलेली आहे. 2010 नंतरच्या दोन-तीन वर्षांत पॉलिअमाइडची बॅकशीट लावलेली पॅनेले जगभर मोठ्या संख्येने बसली. दमट उष्णतेच्या परीक्षेत ती उतरली होती. तरी काही वर्षांतच त्यांच्या पाठीवर उभ्या भेगा पडल्या, कारण उघड्यावर ऊन, अतिनील किरण, रात्रीचा गारवा आणि पाऊस हे सगळे एकाच पॅनेलवर पाळीपाळीने येत होते. प्रमाणित चाचणीत हा मार सहसा वाटला जातो: एक नमुना उणे 40 ते 85 अंशांच्या फेऱ्यांतून जातो, दमट कपाटात दुसराच बसतो. उलट चूकही झाली आहे. तेच कपाट 2000-3000 तास चालवले तर पॉलिएस्टरची बॅकशीट ठिसूळ होते, पण उघड्यावर तिचे असे होताना सहसा दिसत नाही, कारण 85 अंशांना ते प्लास्टिकच वेगळ्या अवस्थेत गेलेले असते. कपाटात टिकले ते शेतात टिकेलच असे नाही आणि कपाटात मोडले ते शेतात मोडेलच असेही नाही.

मग चार्वाकाचे खरे मानून चाचणीच सोडावी का? नैयायिक उदयनाचार्यांनी याला दिलेले उत्तर मला आजही पटते. शंकेला मर्यादा आहे, आणि ती शंका घेणाऱ्याच्या वागण्यात आहे. अग्नी पेटेल की नाही याची शंका घेणाराही स्वयंपाकाला चूलच पेटवतो. स्वतःच्या कृतीला खोटे पाडणारी शंका शंकाच नव्हे. मात्र हे उत्तर सिहोऱ्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. उदयनांच्या उदाहरणात अनुमान करणारा आणि त्यावर विसंबणारा एकच आहे. इथे अनुमान प्रयोगशाळेचे, आणि उन्हाळी धान वाळण्याचा धोका शेतकऱ्याचा. त्याने कपाट पाहिलेले नाही. त्याच्या हाती आहे तो चाचणीचा शिक्का, म्हणजे शब्दप्रमाण, विश्वासू माणसाच्या वचनावरून मिळणारे ज्ञान. न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी अशा विश्वासू माणसाचे, आप्ताचे, लक्षण फार मोकळ्या मनाने केले आहे: ज्याला वस्तू साक्षात ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेंच्छ. प्रयोगशाळा मुंबईची की जर्मनीची, हा मुद्दाच नाही. जशी ठाऊक आहे तशी, ही अट मात्र कडक आहे. तिला ठाऊक आहे ते इतकेच की या जातीचे काही नमुने या दोन आकड्यांखाली एवढे तास टिकले. शिक्क्यातून ही मर्यादा गळली आणि नुसते ‘टिकाऊ’ उरले, तर बोलणारा जाणकार असूनही त्याचे वचन आप्ताचे राहत नाही.

इथे धार्मिक मनाला एक ओळखीची उपमा सुचते: दुःख ही देवाने घेतलेली परीक्षा, तीतून माणूस पक्का होऊन निघतो. या कपाटातून तिला आधार मिळत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. 1000 तास सोसलेले पॅनेल अधिक मजबूत होत नाही. त्याचे आयुष्य तेवढे खर्ची पडलेले असते, आणि विकले जाते ते दुसरेच, कपाट न पाहिलेले. परीक्षेचा लाभ परीक्षा दिलेल्याला होत नाही. सोसण्याला अर्थ असेल तर तो दुसरीकडे शोधावा लागेल, ‘तावून सुलाखून’ या शब्दांवर त्याची इमारत उभी करू नये.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. अटी, उपाधी, नमुने हे सगळे शेतकऱ्याला कशाला सांगायचे, त्याला हो किंवा नाही हवे असते, असे विकणारे म्हणतात. हा शेतकऱ्याचा अपमान आहे. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर उगवणीची टक्केवारी असते, चाचणीची तारीख असते आणि ती कधीपर्यंत धरायची तेही असते. एवढे वाचूनही जाणता शेतकरी पेरणीआधी त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उबेला ठेवतो आणि कोंब मोजतो. ते शंभर तो पेरत नाही, तरी त्यांच्यावरून पऱ्ह्यांसाठी बियाणे किती टाकायचे ते ठरवतो. सत्तर उगवले तर तो बियाणे खोटे म्हणत नाही, जास्त टाकतो. अटींसह साक्ष कशी वापरायची हे त्याला शिकवावे लागत नाही. पॅनेलच्या चिठ्ठीवरही तेवढेच लिहिलेले असावे: कोणते तापमान, किती ओल, किती तास, आणि ऊन-पावसाची आळीपाळी एकाच नमुन्यावर तपासली की नाही. आणि सिहोऱ्यात चौथ्या-पाचव्या वर्षी बॅकशीटला भेग पडली, तर ती पॅनेल बदलून मिटवायची तक्रार म्हणून न धरता, सापडलेली उपाधी म्हणून त्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचली पाहिजे.