न मागितलेला सुवास

घरापुढे थोडी मोकळी जागा असावी आणि तीत चार गुलाब लावावेत, अशी पुष्कळांची इच्छा असते. ही चार रोपे निवडणे हा नुसता हौसेचा प्रश्न आहे, असे आम्हांस वाटत नाही. जागा थोडी असली म्हणजे सर्व काही घेता येत नाही, आणि तेथेच आपण कशाला किंमत देतो हे उघडे पडते.

रोपवाटिकेत गेल्यावर आपण काय विचारतो? फूल केवढे येते? रंग कोणता? किती दिवस टिकते? हे प्रश्न गैर नाहीत. पण "वास येतो का?" हे शेवटी विचारले जाते, किंवा राहूनच जाते. गुलाबाच्या पैदाशीतही बरेचसे असेच घडले. 'हायब्रिड टी' वर्गातला पहिला गुलाब म्हणून ओळखला जाणारा 'ला फ्रान्स' १८६७ साली आला. तो सुवासिक होता. पुढे आकार, रंग, लांब दांडा व टिकाऊपणा यांची मागणी वाढली. दूरच्या बाजारासाठी हरितगृहांत वाढविलेल्या पुष्कळ गुलाबांना आज वास जवळजवळ नसतो. सुवासाचा कोणी द्वेष केला नव्हता; तो कोणी मागितला नाही, एवढेच.

२०१५ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी 'पापा मेयाँ' हा अतिशय सुवासिक गुलाब व त्याच पैदासकार घराण्याचा 'रूज मेयाँ' हा बिनवासाचा गुलाब यांची तुलना प्रसिद्ध केली. गुलाबाच्या वासातील जिरॅनिऑल हा घटक तयार होण्यास लागणारे एक विकर त्यांना सापडले. सुवासिक जातीत त्याचे जनुक जोमाने काम करते. बिनवासाच्या जातीत ते जवळजवळ मुके असते.

वाचकहो, चांगला गुण टाकून दिल्यानेच जातो, असे आपण समजतो. पण पिढ्यान्‌पिढ्या त्याची कोणी चौकशी केली नाही, तरीही तो जातो. शाळेतून आलेल्या मुलाला आपण "किती गुण मिळाले?" असे रोज विचारतो. "आज कोणाला मदत केलीस?" असे किती वेळा विचारतो? शब्बाथशाळेतही पाठांतराला बक्षीस असते. वर्गात नव्याने आलेल्या मुलाला आपल्याशेजारी बसवून घेणाऱ्याची नोंद कोठे होते? मग मुलांत माया उरली नाही, अशी तक्रार आपण कोणत्या तोंडाने करावी?

कोणी म्हणेल, सौंदर्य हीसुद्धा देणगीच आहे. ते खरे आहे. सुवास निवडताना काही सोडावेही लागते. 'क्रिम्झन ग्लोरी' (१९३५) फार सुवासिक, पण त्याची मान नाजूक; फूल खाली झुकते. तरीही ज्यांनी दोन्ही मागितले त्यांना दोन्ही मिळाल्याची उदाहरणे आहेत: 'मिस्टर लिंकन' (१९६४) व 'डबल डिलाइट' (१९७७) यांत रूपही आहे आणि वासही. आपल्या देशात गव्हाच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. बी. पी. पाल (१९०६–१९८९) यांनी गुलाबांच्याही अनेक जाती निर्माण केल्या. त्यांतील 'रोझ शरबत' सुवासिक आहे.

रोप घेण्यास सकाळी जावे, आणि ते फुलावर असताना जावे. अर्धवट उमललेले फूल स्वतः हुंगून पाहावे. नावावर किंवा चित्रावर विसंबू नये. रोपाला रोज पाच-सहा तास ऊन मिळावे. डोळा भरलेल्या जागेच्या खालून येणारे फुटवे काढीत जावे. नाहीतर खालचा रानटी खुंटच वाढतो आणि निवडलेला गुलाब मरतो.

आणि रोप शक्यतो वाटेच्या कडेला लावावे. रूप पाहण्यास फाटकाच्या आत यावे लागते. सुवास मात्र कुंपण ओलांडून जातो. तो शेजाऱ्याला मिळतो, रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला मिळतो, दृष्टी नसलेल्यालाही मिळतो. यंदा पाऊस सरल्यावर रोपे आणावयास जाल, तेव्हा पहिला प्रश्न वासाचा विचारा. आणि त्या संध्याकाळी मूल घरी आले म्हणजे त्यालाही पहिला प्रश्न निराळा विचारून पाहा.