भूक, रुची आणि ज्वारीची भाकर

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी साधकास भिक्षान्न विहित केले. जातिकुळाचा विचार न करता घरोघर मागावे, मिळेल ते झोळीत एकत्र करावे आणि देहधारणेपुरते सेवन करावे, हा तो आचार होय. याने अहंकार गळतो, हे आपण नेहमी ऐकतो. परंतु भाकर, भात आणि कालवण झोळीत एक झाले की भूक आणि रुची यांचीही ताटातूट होते, हे मर्म तितकेच मोलाचे आहे.

भूक हा देहाचा धर्म आहे. पोट भरले की ती शमते. रुची ही मनाची ओढ आहे. तिला पोट भरल्याची वार्ता नसते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली. तिने भूक भागविली, तरी आपल्या रानातील पांढऱ्या ज्वारीची आठवण सुटली नाही. तीही ज्वारी, हीही ज्वारी. भेद पोटाला कळला थोडा, मनाला फार.

वाळूजच्या परिसरात १९८० नंतरच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि दिवसाची घडी पाळीच्या भोंग्यावर बसली. पाळी संपवून येणाऱ्या जीवास विश्रांती हवी असते. तो तळलेले पदार्थ घेतो. शोकाकुल मनास आधार हवा असतो. ते गोडधोड मागते. अन्नाकडून जे मिळणे नाही ते मागितले, म्हणून घास वाढतात आणि उणीव तशीच राहते.

याच कारणाने दारी भिक्षुक आला असता गृहिणी संकोचून म्हणते, “महाराज, आज काहीच नाही, नुसती भाकर आहे.” भाकर असून काहीच नाही, असे का वाटावे? ज्वारीत मुख्य अंश पिष्टाचा. तोच देहास दिवसभराचे बळ देतो. तिच्यात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ उकळत्या पाण्याने मळावे लागते. प्रथिनातील जे तिच्यात उणे, ते तुरीच्या वा हरभऱ्याच्या वरणाने भरून निघते. अशी भाकर झोळीत घालणाऱ्या हातास लाज कशाची?

शंका : मग अन्नातील माया हा दोषच काय?

समाधान : नव्हे. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभू लोकांच्या घरी जाऊन अन्न स्वीकारीत, अस्पृश्य मानलेल्यांच्याही घरी. ती परमेश्वराची लीळा. तिचे अनुकरण करून जीवाने आपली रसना पोसू नये. परंतु अन्न देणाऱ्याच्या प्रेमाचे मोल तीतून कळते. माय ज्या मायेने भाकर थापते, ती माया मायेची आहे, पदार्थाची नाही. ती माय निवर्तल्यावर तोच पदार्थ पुनःपुन्हा खाऊन ती परत येत नाही.

म्हणून उपदेशी जनांनी एक नेम धरावा. आजारी व्यक्तींनी वैद्याचा सल्ला पाळावा. इतरांनी दिवसातील एक जेवण साधे, भाकर-वरणाचे ठेवावे. पुन्हा वाढून घेण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहावे : मागते कोण? पोट मागत असेल तर निःसंकोच घ्यावे. मन मागत असेल तर त्यास नामस्मरण द्यावे. कारण त्याची भूक परमेश्वराच्या सन्निधानाची आहे, आणि ती कोणत्याही ताटात वाढता येत नाही.