परतलेल्याला पंगतीत कोण घेणार?

१७८१ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या बीकन्सफील्डला एडमंड बर्क या पार्लमेंटच्या सभासदाने आपल्या बागेतले काचघर पाहुण्यांच्या स्वाधीन केले. पाहुणे होते राघोबादादांचे वकील. त्यांच्यातला हणमंतराव ब्राह्मण, त्यामुळे परक्याच्या हातचे अन्न त्याला चालणार नव्हते. मग त्या काचघरातच त्याची चूल पेटली आणि स्नानसंध्याही तिथेच होऊ लागली. पेशवाईच्या गादीसाठी इंग्रजांचे साहाय्य मिळवायला ही मंडळी एवढ्या दूर आली होती. हाती काही लागले नाही. पुढच्याच वर्षी सालबाईचा तह झाला आणि राघोबांना गादीवरचा हक्क सोडावा लागला.

खरी कसोटी लागली ती परतल्यावर. फ्रान्सिस विल्फर्ड या इंग्रजांच्या चाकरीतल्या अधिकाऱ्याने ‘एशियाटिक रिसर्चेस’ या नियतकालिकात ही हकीकत लिहून ठेवली आहे. तो मात्र दोन ब्राह्मण वकिलांबद्दल सांगतो. जाताना ते सुएझपर्यंत समुद्रमार्गे गेले आणि येताना इराणमधून खुष्कीच्या वाटेने आले. महिनोन्महिन्यांच्या त्या पायपिटीनंतर घर गाठले, तर जातीने दार लावून घेतले. म्लेंच्छांच्या मुलखात राहून आचार पाळला जाणे शक्यच नाही, हा पहिला आक्षेप. दुसरा आक्षेप असा, की हे लोक सिंधूवरची अटक ओलांडून आले!

हा दुसरा आक्षेप वाचून मराठी वाचक चमकल्याशिवाय राहणार नाही. १७५८ मध्ये याच राघोबांच्या मोहिमेत मराठी फौजांनी अटकेपर्यंत मजल मारली होती. त्या पराक्रमाचा अभिमान आपण अजून मिरवतो. फौजेला जे भूषण ठरले, तेच दमून परतणाऱ्या दोन वकिलांच्या अंगावर दोष म्हणून आले. राघोबांचे वजनही कामी आले नाही. ठिकठिकाणचे विद्वान जमले, सभांवर सभा झाल्या, आणि शेवटी निर्णय असा झाला: हे सदाचारी आहेत, आणि गेले तेही देशाच्या हितासाठी, तेव्हा त्यांना पुन्हा जन्म घेता येईल. राघोबांनी शुद्ध सोन्याची योनी घडवून घेतली. दोघे तिच्यातून बाहेर आले, त्यांची मुंज पुन्हा लागली, ब्राह्मणांना मोठी दाने मिळाली आणि मग कुठे ते पंगतीला बसले.

आजच्या माणसाला हा विधी विचित्र वाटेल. पण त्यामागचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. परक्या जगात राहून आलेला माणूस पूर्वीचाच असतो का? आणि तो बदलला असेल, तर त्याला आपला म्हणायचे कोणत्या आधारावर?

धर्मशास्त्राने याचे एकच एक उत्तर कधी दिलेले नाही. बौधायन धर्मसूत्र समुद्रप्रवासाला पातकांत गणते, पण हा उत्तरेकडच्यांचा आचार आहे अशी नोंदही करते. प्रायश्चित्त तिथे कडक आहे. तीन वर्षे दर चौथ्या भोजनवेळी थोडेसे अन्न, रोज तीनदा स्नान, दिवस उभ्याने आणि रात्र बसून काढायची. मनुस्मृती समुद्रयात्रा करणाऱ्याला श्राद्धाच्या पानावर बसवत नाही, मात्र व्याजाचा दर ठरवताना समुद्रप्रवासातल्या जाणत्यांचा शब्द प्रमाण मानते. व्यवहाराला समुद्र हवा होता, अडचण होती ती पंगतीत. पुढे कलिवर्ज्यांची, म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या गोष्टींची, यादी आली आणि तिने दार पुरतेच बंद केले: समुद्र ओलांडलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरी त्याच्याशी व्यवहार ठेवू नये. बौधायनाची तीन वर्षे कठोर होती खरी, पण ती कधीतरी संपत होती. कलिवर्ज्याचा दंड आयुष्यभर संपत नाही. या दोहोंत फार मोठे अंतर आहे. वकिलांचा निवाडा करणाऱ्या त्या सभेने बंद दारातून वाट काढली, आणि ती ‘का गेलास?’ हा प्रश्न विचारून काढली, हे तिचे मोठेपण मान्य केले पाहिजे.

(कोळी, खारवी, भंडारी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावरच जगत होते. शिवछत्रपतींचे आरमार त्यांच्या बळावर उभे राहिले. बंदी होती ती द्विजांना.)

शंभर वर्षांनंतरही प्रश्न मिटला नव्हता. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूर इथल्या भाषणात, वैद्यकी शिकायला अमेरिकेला निघालेल्या आनंदीबाई जोशींनी बहिष्काराची शंका स्वतःच पुढे मांडली आणि सांगितले, की इथे जशी राहते तशीच तिथे राहीन. अमेरिकेत त्या लुगडे नेसून आणि शाकाहार पाळून राहिल्या. डॉक्टर होऊन १८८६ च्या अखेरीस परतल्या त्या क्षयाने खंगूनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसाव्या वर्षी, पुण्यात गेल्या.

पुढच्याच वर्षी मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेला निघाले. जातीने त्यांना बहिष्कृत केले आणि निरोप द्यायला बंदरावर जाणाऱ्याला सव्वा रुपया दंड ठरवला. १८९१ मध्ये ते परतले, तेव्हा थोरल्या भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवले आणि राजकोटला जातभोजन दिले. हे त्यांना आवडले नव्हते, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. एवढे होऊनही जातीच्या एका गटाने त्यांना घेतले नाहीच. गांधींनी तक्रार केली नाही. सासुरवाडीला किंवा बहिणीच्या घरी ते पाणीसुद्धा घेत नसत. नातलग चोरून द्यायला तयार होते, पण जे चारचौघांत करता येत नाही ते लपून करणे त्यांना पटेना.

गांधींच्या या वागण्याने जातीचा निर्णय योग्य ठरत नाही. नाशिकचे स्नान भावाने जातीच्या समाधानासाठी घडवले होते, आणि गांधींच्या अंगावर धुवून काढण्यासारखे काही नव्हते. माणूस कशासाठी गेला आणि तिथे कसा वागला, एवढेच विचारण्याचा अधिकार धर्माला होता. ते न विचारता ज्यांनी त्याला पंगतीतून उठवले, त्यांनी धर्म राखला नाही.